त्या रात्री केलं तसंच

लाइट काही इतक्यात येत नाही. लाइनमन माझ्या माहितीतला आहे, जेवल्याशिवाय तो खांबाला हात लावत नाही. तेव्हा पोरांनो, सतरंजी जरा आत ओढा, ते मोबाइल पालथे घाला, आणि सोमनाथ, तू इकडं तोंड करून बस. संध्याकाळी तुझी मोटारसायकल सुरू होईना म्हणून तू तिला ज्या लाथा घातल्यास त्या मी गेटवरून बघत होतो. गाडी का सुरू होत नाही हे लाथेनं कळत नसतं बाबा. ते तिला विचारावं लागतं. आणि विचारायचं तेही जपून. कारण एखाद्या वेळी उत्तर येतं.

नोमान मिस्त्रीला आलं होतं.

हा नोमान माझा जुना दोस्त. इथं शेंद्र्याच्या या गेटवर वॉचमन म्हणून लागायच्या आधी मी एका शेठची गाडी चालवायचो, तेव्हापासूनचा. शहरात कटकट गेटच्या बाहेर त्याचं गॅरेज आहे, जेमतेम तीन गाड्या मावतील एवढं. नव्या गाड्यांना तो शिवत नाही. "उसमें कॉम्प्युटर रहता, कडूबाभाई," म्हणतो, "तो बिमार पडला की डॉक्टरबी कॉम्प्युटरच लागतो." पण जुनी, कार्बुरेटरची गाडी आणा, नोमान तिची नाडी बघणार. हे सगळं त्यानं मला एकदाच सांगितलं. परत विचारलं तर उठून पाणी प्यायला जातो. मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

तारीख पण सांगतो. अठरा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, सोमवार. परवावर विधानसभेचं मतदान आलेलं. किती दिवस शहराच्या कानाशी प्रचाराचे भोंगे ओरडत होते, आणि त्या संध्याकाळी सगळे एकदम गप्प झाले. गॅरेजचं शटर ओढलं तर त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, नोमानलाच दचकल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला. श्रीधरकाकांचा.

श्रीधरकाका म्हणजे सिडकोत एन-सातला राहणारे गृहस्थ. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, तिथूनच रिटायर झाले. मुलगा मिहिर पुण्याला नोकरीत. बायको, उमाकाकू, आदल्या वर्षी दिवाळीनंतर वारल्या, तेव्हापासून घरात एकटेच. त्यांची एक जुनी पांढरी गाडी होती, ती पहिल्यापासून नोमानच सांभाळायचा. गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही, तिचा यात काडीचा दोष नाही.

"नोमान, येऊन जातोस का?" काका म्हणाले. "उद्या सकाळी भंगारवाला गाडी न्यायला येतोय. मिहिरनं ठरवलंय."

"मग काका, आता मी यून काय करू?"

"ती जायच्या आत मला एक गोष्ट कळायला हवी. उद्यानंतर कोणालाच विचारता येणार नाही."

नोमाननं हत्यारांची पेटी मोटारसायकलला बांधली आणि गेला. काकांच्या शेजारची दोन्ही घरं कुलूपबंद होती, माणसं मतदानाला गावी गेलेली. काका फाटकातच उभे होते. अंगात स्वेटर आणि खाली धोतर. एवढ्या वर्षांत नोमाननं त्यांना पँटशिवाय पाहिलं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाला धोतर का नेसलं म्हणून कोण विचारतो.

पोर्चमधे गाडी उभी. नोमाननं बसून किल्ली फिरवली. अर्ध्या सेल्फला चालू. घड्याळासारखी चालायला लागली.

"काका, गाडी तर एकदम टकाटक हाय. हिला भंगारात कायको घालता?"

"आज होते रे चालू. रोज होते. त्या रात्री का झाली नाही, ते शोधून दे."

नोमाननं इंजिन बंद केलं. मग काकांनी पायरीवर बसून सांगितलं. सांगताना ते नोमानकडं बघत नव्हते.

उमाकाकूंना छातीचा आजार होता. वर्षातून तीन-तीनदा दवाखाना, नाकातोंडात नळ्या. त्या रात्री त्यांचा श्वास अडकला. काकांनी त्यांना हाताला धरून आणलं, गाडीच्या डाव्या सीटवर बसवलं, सेल्फ मारला. गाडी सुरू होईना. परत मारला. परत. बॅटरी बसेपर्यंत मारला. उजाडल्यावर शेजारी धावत आले तेव्हा काकू तशाच सीटवर होत्या आणि काका स्टिअरिंग धरून बसले होते.

"डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात आणलं असतं तर वाचल्या असत्या," काका म्हणाले. "मिहिर काही बोलला नाही. पण तेव्हापासून तो इथं जेवत नाही. मला एवढंच सांग, नोमान. गाडीत दोष होता की माझ्यात?"

आता तुमच्यासारखा कोणी असता तर म्हणाला असता, काका, कॉइल गेली होती, तुमचा काही दोष नाही. विषय संपला असता, म्हातारा झोपला असता. नोमानच्याही ते मनात आलं. पण कामात खोटं बोलायचं नाही ही त्याची खोड. नसलेला रोग त्याला सांगता येत नाही.

त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीला मीटर लावला. चांगली. तारा हलवून बघितल्या, घट्ट. प्लग काढले, तर त्यांच्या टोकांना भाजलेल्या बिस्किटाचा रंग, म्हणजे निरोगी. ठिणगी निळी, कडक. कॉइल, पेट्रोलचा पंप, कार्बुरेटरचा तरंगता गोळा, एकेक उघडून बघितलं. काही मिस्त्री असतात, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दिसेल तो पार्ट बदलून मोकळे होतात. नोमान तसला नाही. पण तासभर हात काळे करूनही त्याला फॉल्ट सापडला नाही.

"काका," तो हात पुसत म्हणाला, "छुपा फॉल्ट असाच असतो. आपण बोलावला तर येत नाय. त्याला धरायचा एकच रस्ता. ज्या टायमाला आला होता तो टाइम परत करायचा. तुम्ही त्या रात्री जे जे केलं ते ते करून दाखवा. तसंच्या तसं. एकबी गोष्ट सोडू नका."

हे बोलला आणि फसला. पण यात त्याची काय चूक? मिस्त्री लोकांची ही रोजची पद्धत आहे. चढावर आवाज येतो म्हणालात की ते गाडी चढावरच नेणार.

इंजिन गार व्हायला हवं होतं, म्हणून दोघं पायरीवर बसून राहिले. थंडी उतरायला लागली. चंद्र समोरच्या पाण्याच्या टाकीवर आला.

"त्या रात्री पोर्चमधे लाइट होता काय काका?"

"नव्हता. चंद्राचा उजेड होता."

"केवढा होता चांद?"

"एवढाच."

नोमाननं वर बघितलं. मग काकांकडं.

"आज सकाळी तिचं वर्षश्राद्ध झालं. मिहिर आला नाही, मीच केलं," काका म्हणाले. "कार्तिकातली संकष्टी. त्या रात्री ती उपास सोडायची होती."

"पन तारखेनं तर अजून टाइम हाय ना वर्षाला..."

"तारखेनं आहे. आम्ही तिथी धरतो."

नोमाननं तेव्हाच उठायला हवं होतं. तो स्वतःच म्हणतो. मनात पाल चुकचुकलीही. पण समोर इंजिन उघडं पडलेलं, आणि म्हातारा कधी नव्हे तो आशेनं बघत होता. नोमाननं पोर्चचा लाइट घालवला, डोक्याला टॉर्च बांधली, एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि बॉनेटखाली वाकला.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या गाड्यांना चोक असायचा. दोन सीटांच्या मधे एक काळी खुंटी. थंडीत ती वर ओढायची, की तारेनं कार्बुरेटरच्या तोंडावरची झडप मिटते. हवा कमी जाते, पेट्रोल जास्त. इंजिनानं पकडलं की खुंटी दाबून टाकायची. ओढलेलीच ठेवून सेल्फ मारत राहिलात तर प्लग पेट्रोलनं भिजतात, आणि मग ब्रह्मदेव आला तरी गाडी सुरू होत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

बॉनेट वर असलं की वाकलेल्या मिस्त्रीला गाडीच्या आतलं काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. नोमाननं ऐकलं, काकांनी घराचं दार ओढलं. हळूहळू चालत आले. कुणाला तरी आधार देत चालावं तसे, थांबत थांबत. डावं दार उघडलं. "जपून," काका म्हणाले. "पाय आत घे."

दार लागलं.

नोमानचे दोन्ही हात गाडीच्या अंगावर टेकलेले होते. त्याला कळलं. गाडी डावीकडं जराशी दबली.

काकाच टेकले असतील, त्याला वाटलं. पण काकांची पावलं मागून वळसा घालून उजवीकडं निघाली होती. उजवं दार उघडलं, लागलं. गाडी तिकडंही दबली. आता दोन्हीकडं सारखी.

"मारू?" काकांनी विचारलं.

"मारा."

घर्र... घर्र... घर्र... इंजिन फिरलं, पकडलं नाही. आणि नोमानच्या डोळ्यांसमोर कार्बुरेटरची झडप सावकाश मिटली.

"काका, चोक ओढला काय? दाबा त्याला."

"मी हात नाही लावला."

झडप मिटलेलीच. नोमान वळसा घालून आला. खुंटी पूर्ण वर होती. त्यानं दारातून वाकून ती दाबली, परत पुढं गेला. "मारा."

घर्र... घर्र...

झडप मिटली.

खरं सांगतो, नोमानला आनंद झाला. सापडला म्हणाला. खुंटीची पकड झिजली असणार, सेल्फच्या हादऱ्यानं ती आपोआप वर येत असणार. म्हणजे गाडीचाच दोष! काका सुटले. "काका, मिळाला तुमचा फॉल्ट," असं म्हणतच तो आला आणि खात्री करायला त्यानं खुंटी दाबून परत ओढून बघितली.

ती येईना. गंजून इतकी घट्ट झाली होती की त्याच्यासारख्या माणसाला जोर लावावा लागला.

हादऱ्यानं येणारी नव्हती ती. ओढल्याशिवाय येणारी नव्हती.

"काका... तुम्ही ओढलीत?"

काकांचा एक हात स्टिअरिंगवर. दुसरा किल्लीवर. ते नोमानकडं बघत नव्हते. डाव्या सीटकडं बघत होते. नोमान म्हणतो, त्यांच्या तोंडावर भीती असती तर मला बरं वाटलं असतं. ती नव्हती. खूप दिवसांनी घरचं माणूस भेटावं तसे ते बघत होते.

"तसंच करते आहे," ते हळूच म्हणाले.

सगळीकडं पेट्रोलचा वास सुटला होता. प्लग भिजले होते.

मग काका वाकले. छातीवर मूठ धरली. कपाळावर एकदम घाम. थंडीत, पोरांनो. नोमाननं त्यांचं मनगट धरलं, तर नाडी लागेना धड.

त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तिकडून सांगितलं, गाडी लांब आहे, वेळ लागेल. शेजारी कुलूप. रस्त्यावर कुत्रं नाही. मोटारसायकलवर असा माणूस नेणार कसा? राहिली ही एकच गाडी. तिला सुरू करणं आलं, नाहीतर म्हातारा डोळ्यांदेखत जाणार.

त्यानं काकांना उतरवलं आणि डाव्या दाराकडं न्यायला लागला. काकांनी पाय रोवले.

"तिथं नको."

"काका, टाइम नाय आता..."

"तिथं जागा नाही."

नोमाननं मागचं दार उघडलं. काकांना मागं आडवं केलं. बॉनेट आपटलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. डावीकडं बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं. बघितलं नाही. शपथेवर सांगतो तो.

प्लग भिजल्यावर काय करायचं ते त्याला ठाऊक. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, चोक पूर्ण आत, आणि सेल्फ मारत राहायचं, की जादा पेट्रोल निघून जातं. उजव्या हातानं किल्ली. डाव्या हाताचा तळवा खुंटीवर. दाबून धरला.

घर्र... घर्र...

तळव्याखाली खुंटी वर यायला लागली.

त्यानं जोर लावला. ती थांबली. मग परत. सावकाश. घाई नाही. म्हातारं माणूस उठतं तशी.

घर्र...

"या अल्लाह," नोमान म्हणाला. कुराणातली आयत म्हणायला लागला, मधेच विसरला. आयुष्यात पहिल्यांदा विसरला.

खुंटी वर आली. त्याचा हात घेऊन वर आली.

तो बाहेर पडला. पेटीतली पक्कड घेतली. बॉनेट उघडलं, चोकची तार शोधली आणि कार्बुरेटरजवळ कापून टाकली. कच्. झडप बोटानं उघडली, तारेच्या तुकड्यानं उघडीच बांधली. आता ओढ म्हणावं किती ओढायची ती.

परत येऊन बसला. खुंटी वरखाली होत होती. नुसतीच. तार तुटलेली, तिला धरबंध नाही.

वर. खाली. वर.

मग थांबली.

त्यानं पाय दाबला. किल्ली फिरवली. घर्र... घर्र... घर्र... फट्. एक ठिणगी. घर्र... फट्, फट्... आणि गाडी सुरू झाली. धूर, आवाज, सगळं. नोमानच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं डावा हात गिअरवर ठेवला.

आणि त्या हातावर हात आला.

थंड. हलका. धरला नाही. नुसता ठेवला.

मागून काकांचा आवाज आला. कुजबुजल्यासारखा. "उमा, त्याला जाऊ दे."

हात निघाला नाही.

नोमाननं तसाच रिव्हर्स टाकला. तसाच पहिला टाकला. गिअर बदलला की तो हात बरोबर फिरायचा. दुसरा. तिसरा. रस्ता मोकळा. दिवे जात होते. तो समोर बघत होता. फक्त समोर. चौकात पोलिसांची मतदानाची नाकाबंदी होती, एकानं मागं पेशंट बघितला आणि हातानंच जा म्हणाला. दवाखान्याच्या दारात नोमाननं गाडी लावली, आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत तो गिअरवरचा हात काढून घेऊ शकला नाही.

मग... निघाला.

काका वाचले.

हो, वाचले. तोंड पाडू नका. दोन दिवस आयसीयूत होते, मग वॉर्डात आणलं. मिहिर पुण्याहून रातोरात आला. त्यानं नोमानचे पाय धरले, म्हणाला, तुम्ही नसता तर बाबा गेले असते. नोमाननं त्याला उठवलं. आणि त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मिहिरभाई, गाडीच्या चोकमधे फॉल्ट होता. जुना. मी स्वतः बघितला. त्या रात्री तुमच्या वडिलांच्या हातात काय नव्हतं." मिहिर भिंतीकडं तोंड करून रडला. मग वडिलांना सूप भरवायला बसला.

खोटं होतं का ते? तुम्हीच ठरवा.

मिहिर औषधं आणायला खाली गेला, तेव्हा काकांनी नोमानला खुणेनं जवळ बोलावलं.

"दोष नव्हता ना चोकमधे?"

नोमान त्यांची उशी नीट करायला लागला.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं. ती म्हणाली, अहो, परत त्या नळ्या नकोत. आणि तिनं चोक ओढला. मी दाबायचो, ती ओढायची. तेवढं बळ कुठून आलं होतं तिला, कोण जाणे. मग तिनं माझा हात धरला. आणि मी... मी सेल्फ मारणं सोडून दिलं, नोमान. बॅटरी नंतर बसली. मी मुद्दाम बसवली. लोकांना दाखवायला."

खाली कुठंतरी लिफ्टचं दार वाजलं.

"मग मला कायको बोलावलं, काका?"

"उद्या गाडी जाणार होती. त्याआधी कोणीतरी जाणत्या माणसानं म्हणावं असं वाटलं, की गाडीचा दोष होता. एवढंच ऐकायचं होतं. तू म्हणालास, तसंच्या तसं करा. मला नाही म्हणवेना." मग ते म्हणाले, "मला घेऊन जायला आली असेल, असं वाटलं होतं. मागं पडल्या पडल्या मी हात पुढं करून ठेवला होता. पण तिनं माझा नाही धरला."

नोमान तिथून निघाला तो परत त्या घरी गेला नाही.

गाडीचं म्हणाल तर ती मिहिरनं त्याच आठवड्यात भंगारात दिली. कापली, पत्रा वेगळा, लोखंड वेगळं. खुंटी बिंटी सगळी गेली. काका पुण्याला लेकाकडं राहतात, नीट जेवतात, सकाळी फिरायला जातात. संपली गोष्ट. निदान मला तसंच वाटत होतं, गेल्या ईदपर्यंत.

ईदला मी दरवर्षी नोमानकडं जातो. मार्चअखेर होती, काय ऊन होतं ते तुम्हाला आठवत असेल. शाइस्ताभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, आतून शीरखुर्मा आणला. पेला ठेवून ती लगेच आत गेली. नोमान उठला, आम्ही गळ्यात पडलो. ईदची भेट तीनदा असते. पहिल्या वेळी त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर पडला, माणसाचा असतो तसा, गरम. दुसऱ्या वेळी डावा पडला. गार. शर्टातून, बनियनातून गार. मला वाटलं, बर्फाचं पाणी घेतलेला पेला धरला असेल.

तिसऱ्या वेळी त्यानं जरा घट्ट धरलं.

नोमानची बोटं मला ठाऊक आहेत. जाड, पान्यानं सोललेली. ती पाचही मला पाठीवर कळली. आणि त्या बोटांच्या फटींत... आणखी होती. बारीक. बाईमाणसाची. हातात हात गुंफावा, तशी.

मी अंग सोडवलं, मागं झालो आणि बघितलं.

हात एकच होता.